पोथीचा शेवटचा ठोका

वनविद्या शिकून आलेल्या पोरांना नोकरीसाठी तयार करणं हे माझं काम. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं आणि वर घड्याचं कौतुकही करायचं. कौतुक मी कधी केलं नाही. पदवी घेऊन येतात, कोरे करकरीत बूट घालून येतात, आणि पायावर मुंगी चढली की किंचाळतात. अशांच्या हाती जंगल द्यायचं म्हणे!

पोथी त्यातलीच एक. हे नाव मीच ठेवलं होतं, कारण तिला सगळं पाठ होतं आणि पाठ केलेल्या प्रत्येक ओळीवर शंकाही होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. या शंकांपायीच मी तिला आधी नापास केलं होतं. त्या दुपारी तिची शेवटची संधी होती. मी होकार दिला तर नोकरी आणि राहायला क्वार्टर. नाहीतर पुन्हा मावशीचं घर आणि मावशीचे टोमणे.

"मॅडम, आज एकही प्रश्न विचारणार नाही," जीपमधून उतरताना ती म्हणाली.

"बघू," मी म्हणाले.

काम विरळणीचं होतं. दाटीतली कुठली झाडं काढायची ते ठरवायचं. मी झाड दाखवून निकाल द्यायचा, 'राखा' किंवा 'तोडा'. शिकाऊनं तो मोठ्यानं परत म्हणायचा, आणि 'तोडा' असेल तर कोयत्यानं साल तासून खुणेच्या हातोड्याचा ठोका मारायचा. एकदा खूण झाली की झाड पडतंच. ती पुसायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही.

पोथीचे ठोके तिरके पडत होते.

"डास मारतेस का?" मी विचारलं. उलट काही न विचारता ती पुढच्या झाडाकडे वळली. तेवढं तरी शिकली होती.

भर दुपारी धुकं उतरलं. कुजलेल्या पाचोळ्याचा वास एकदम दाट झाला. पाखरं गप्प झाली. मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उभी राहिले, तेव्हा पोथी चार पावलं पुढं पाठमोरी उभी होती.

"उजवीकडचं. वाकडं. तोडा."

आवाज माझा होता. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं…

"वाकडं. तोडा," पोथी म्हणाली. ठोका पडला.

"जमलं बाई एकदाचं!" धुक्यातून माझाच आवाज आला, आणि मागोमाग ते नाकातलं हसणं. माझं हसणं ऐकायला इतकं घाणेरडं वाटतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

'पोथी, थांब' असं म्हणायला गेले. घशातून नुसती सळसळ आली. पाय उचलायला गेले, तर ते जमिनीतून निघेनात.

"आता मागचं. म्हातारं. आतून पोकळ. तोडा."

पोथी वळली. तिनं मला पाहिलं, नीट पाहिलं. तिनं उचललेला हातोडा खाली घेतला.

"मॅडम…" ती धुक्याकडे तोंड करून कुजबुजली, "पण हे…"

विचार, पोरी! विचार ना! आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाच्या तरी शंकेची गरज होती, आणि मी भीतीनं अर्धमेली झाले होते.

"काही प्रश्न आहे का?" आवाज अगदी गोड झाला. "मावशी वाट बघत असेल, नाही…?"

पोथीनं बाहीनं डोळे पुसले.

"म्हातारं. पोकळ. तोडा."

तिनं माझ्या खांद्यावरची साल तासली. साल म्हणते, कारण दुखलं नाही. मग ठोका मारला. या खेपेला तो सरळ बसला, एवढं मान्य करायला हवं.

धुकं विरलं तेव्हा खाली रस्ता दिसत होता. जीपजवळ माझा कोट घातलेली बाई पोथीच्या पाठीवर थाप मारत होती. "पास," ती म्हणाली. पोथी हुंदके देत हसली. मग तिनं मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"काय गं?"

"काही नाही, मॅडम."

जीप गेली. खांद्यातून काहीतरी चिकट झिरपतं आहे, आणि मला हात तिथवर नेता येत नाही.