कुलपातला तारपा

तारप्यातून सूर निघायच्या ऐवजी फुस्स करून नुसती हवा गेली. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून जाते ना, अगदी तशी. धाकल्याने गाल फुगवून पुन्हा जोर लावला. या वेळी घोगरा, ओला आवाज आला आणि तोही मध्येच विरून गेला.

"पुन्हा?" बकुळाबाईंनी ताल द्यायची काठी खाली ठेवली. "अरे, परवाच नवं मेण लावलं होतंस ना?"

"लावलं होतं, बाई."

तालीम थांबली. नरपडला हरिश्चंद्रकाकांच्या चिकूच्या शेडमध्ये बसलेला किनारा वाद्यवृंद एकदम गप्प झाला. आणि मग, ठरवून केल्यासारख्या, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. पेटीकडे. म्हणजे पेटीमागे बसलेल्या विनिताकडे.

विनिताने काहीच केलं नव्हतं. पण तारपा बिघडला तेव्हा तिला आतून गुदगुल्या झाल्या होत्या आणि त्या चेहऱ्यावर दिसल्या असणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

कसं होतं, की मागच्या हिवाळ्यात प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात तिच्या पेटीने व्हायची. मांडवातले दिवे मंद व्हायचे, बाकीचे हात आवरून बसायचे आणि आठवीतल्या विनिताची बोटं एकटी बोलू लागायची. हा वाद्यवृंद गावांचाच होता. त्यात दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, भाजीवाले होते, शाळकरी मुलं होती. तिकीट नव्हतं. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावाने मांडव घालायचा आणि वादकांना जेवायला घालायचं. या नाताळच्या सुट्टीत पहिला कार्यक्रम धाकटी डहाणूच्या लोकांनी केला, जुनी जाळी बांधून मांडव सजवला आणि सगळ्यांना बोंबलाचं कालवण वाढलं. दुसरा तलासरीला होता. तिथल्या लोकांची एकच अट होती. "आमच्याकडे येताय, तर सुरुवात तारप्याने करा."

म्हणून तलासरीजवळच्या पाड्यावरचा धाकल्या कैनाडला आत्याकडे राहायला आला, तारपा त्याने इथे शेडमध्ये आणून ठेवला आणि तो रोज तालमीला हजर राहू लागला. वाळलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सगळे सांधे मेणाने बंद. मेण एके ठिकाणी सुटलं तरी हवा पळते आणि सूर जातो. धाकटी डहाणूला ऐन कार्यक्रमात तेच झालं. तेव्हा विनिताने पेटीवर पटकन सुराचा धागा उचलला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्या टाळ्या तिने अजून उशीखाली जपून ठेवल्यासारख्या जपल्या होत्या.

"मला वाटतं, कोणीतरी मुद्दाम..." प्राजक्ता पुटपुटली. प्राजक्ता व्हायोलिन वाजवायची. विनिताची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिनेही पेटीकडेच पाहावं, हे विनिताला झोंबलं.

"विनिताने नाय केलं," धाकल्या म्हणाला. "ती तारप्याला हात लावत नाय कधी. लांबून बघते नुसती."

यापेक्षा त्याने आळ घेतला असता तर बरं, असं विनिताला वाटलं. म्हणजे ती बघते, हे त्याला कळत होतं.

हरिश्चंद्रकाका पुढे आले. शेड त्यांची, वाद्यवृंदाचे चिटणीसही तेच. "कोणी काही केलेलं नाही. वाद्यं रात्री माझ्या कुलपात असतात, किल्ली माझ्या कमरेला असते. याच्या आजाने दिलेलं मेणच कच्चं असणार, दुसरं काय? मी म्हणतो, उद्या कीबोर्ड नेऊ. त्यात शंभर आवाज असतात. सनईचं बटण दाबायचं. कोणाला कळतंय?"

"तलासरीत कळेल," बकुळाबाई कोरडेपणाने म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "धाकल्या, आज दुरुस्त कर. पण उद्या सकाळीही असंच झालं, तर संध्याकाळची सुरुवात विनिता करेल."

विनिताने मान खाली घातली. हसू लपवायला.

मधल्या सुट्टीत सगळे चहा प्यायला पांगले. प्राजक्ता विनिताकडे न येता धाकल्याजवळ गोणपाटावर जाऊन बसली. तो तिला तारप्याचा श्वास शिकवत होता. "गालात हवा ठेवायची. ती तोंडातून सोडता सोडता नाकाने नवीन घ्यायची. मग सूर तुटत नाय."

विनिताला हे सगळं पाठ होतं. गेले कितीतरी दिवस ती घरी पपईच्या पानाचा पोकळ देठ तांब्यात बुडवून गुपचूप तेच करत होती. बुडबुडे यायचे आणि दम संपला की थांबायचे. दर वेळी थांबायचेच. ही गोष्ट तिने मेली तरी कोणाला सांगितली नसती.

"माझ्या व्हायोलिनचंही डोकं फिरलंय," प्राजक्ता सांगत होती. "रोज सकाळी तारा उतरलेल्या. आणि ही गजाला घासायची राळ बघ, डबीला चिकटून बसलीय."

"माझी ढोलकी मात्र रोज सकाळी टणटण वाजते," पीयूष म्हणाला. हा विनिताचा चुलत भाऊ, सहावीतला. तोंड आणि ढोलकी, दोन्हींना विश्रांती नाही. "थंडी मानवते तिला."

"वेडा आहेस का? थंडीत कातडं ढिलं पडतं. म्हणून तर ढोलकीवाले शेकोटीवर धरून ती चढवतात."

"मग माझी हुशार आहे. न शेकता चढते."

विनिताच्या हातातला कप ओठापाशीच थांबला.

न शेकता चढते? छे. कोणीतरी शेकतंय. ढोलकीही, राळही आणि तारप्याचं मेणही. वाद्यवृंदातली सगळी वाद्यं रात्री एकाच खोलीत असतात. एक सोडून. आपल्या पेटीला परक्याचा हात लागू नये म्हणून ती रोज सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेत होती. आणि पेटीला काही म्हणता काही झालं नव्हतं.

ती उठून शेडच्या मागे गेली. कोपऱ्यात काकांची चिकू पिकवायची खोली होती. जाड भिंती, घट्ट दार, उंदराला शिरायला फट नाही. गेल्या वर्षी उंदरांनी ढोलकी कुरतडली, तेव्हापासून वाद्यं इथेच ठेवायची पद्धत पडली होती. दाराखालून एक काळी वायर आत गेली होती. विनिताला काकांचं बोलणं आठवलं. "यंदा थंडीने चिकू पिकेनात, म्हणून रात्रीचा हीटर लावतो खोलीत."

बस. सापडलं.

धावत जाऊन ओरडून सांगावं, म्हणून ती वळली. आणि तिथेच थांबली.

सांगायलाच हवं का? तिच्यावर आता आळ नव्हता. दोष आजाच्या मेणाला दिला होता. एक रात्र फक्त गप्प राहायचं. उद्या सकाळी तारपा पुन्हा फुस्स करेल, आणि तलासरीच्या मांडवात दिवे मंद होतील ते तिच्यासाठी. तिने खोटं बोलायचं नव्हतं, काही मोडायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं.

दुपारच्या तालमीत तिने इतकं सुंदर वाजवलं, की बकुळाबाईंनी डोळे मिटून घेतले. विनिताने मात्र या वेळी त्यांच्याकडे वर बघितलं नाही.

संध्याकाळी सगळे आवरू लागले. धाकल्या नव्या मेणाने सांधे भरत होता. अंगठ्याने हलकेच दाबत, लहान बाळाच्या टाळूला तेल लावावं तसा.

"आजाला काय सांगणारेस?" पीयूषने विचारलं.

"काय सांगू? त्याने आख्ख्या पाड्याला सांगून ठेवलंय. पुढेच बसणारे उद्या." धाकल्या मेणाकडे बघत म्हणाला, "मेण कच्चं आहे, असं त्याच्यासमोर नको बोलायला कोणी. बस, तेवढंच."

पेटी बांधता बांधता विनिताने दोरी सोडून दिली.

"धाकल्या," विनिता एकदम म्हणाली, "तारपा आज रात्री माझ्याकडे दे."

प्राजक्ताच्या हातातून व्हायोलिनची केस पडता पडता राहिली. "तुझ्याकडे? कशाला?"

"घरी नेते. सकाळी परत आणते."

"वा गं. आणि सकाळी बिघडला तर सुरुवात कोणाची? तुझी," प्राजक्ता म्हणाली.

विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते गिळलं आणि वायरीपासून राळेपर्यंत सगळं भराभरा सांगून टाकलं.

"मग आत्ताच सांगू या काकांना," प्राजक्ताचा आवाज खाली आला होता.

"ते मानणार नाहीत," पीयूष म्हणाला. "त्यांचा हीटर, त्यांची खोली. म्हणतील, पोरं शहाणपणा शिकवतात. त्यांना दाखवायला पाहिजे." आणि त्याचे डोळे चमकू लागले.

पण सगळं अडलं होतं धाकल्यापाशी. तो विनिताकडे बघत होता. ही पेटीवाली, जी रोज दुरून तारप्याकडे बघते, तिच्या हातात द्यायचा?

त्याने तारपा उचलला आणि तिच्या दोन्ही हातांवर ठेवला. "कर्णा वर धर," एवढंच म्हणाला.

तारप्याच्या रिकाम्या पिशवीत पीयूषने एक केरसुणी, एक तांब्या आणि लाइट गेल्यावर लावायची एक लांब मेणबत्ती भरली आणि नाडी घट्ट आवळली. काका किल्ली घेऊन आले, तेव्हा ती पिशवी त्याने स्वतः नेऊन इतर वाद्यांशेजारी ठेवली.

"नीट बांधलाय ना रे?" काकांनी विचारलं.

"एकदम. जपा हां काका, आतला माल नाजूक आहे."

कुलूप लागलं.

घरी विनिताने तारपा पेटीशेजारी ठेवला. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. विनिता तारप्याकडे बघत राहिली, या वेळी अगदी जवळून. मग राहवलं नाही. तिने भोपळ्याचं तोंड ओठांना लावलं आणि फुंकलं. भोंऽऽ असा मोठा थोरला सूर निघाला, तिचं पोट थरथरलं, आणि दम संपला.

"विनू, अंगणात म्हैस शिरली का गं?" आतून आईने विचारलं.

"नाही. मीच आहे."

"बरं. मग ताटं घे."

सकाळी हवेत चांगलाच गारठा होता. सगळे जमले. काकांनी पिशवी आणून सर्वांसमोर ठेवली, नाडी सोडली आणि आत हात घातला. बाहेर आली केरसुणी. मग तांब्या. आणि शेवटी ती मेणबत्ती, तांब्याच्या गोलाईवर धनुष्यासारखी वाकलेली.

"हा काय चावटपणा?" काका भडकले. "तारपा कुठाय?"

"माझ्याकडे," विनिता पुढे झाली. "तो इथे असता तर त्याच्या मेणाचंही असंच झालं असतं. काका, तुम्ही रात्री हीटर लावता ना?"

"लावतो. चिकूसाठी लावतो. पण पहाटे बंद करून दारं सताड उघडतो. तुम्ही येता तेव्हा खोली गार असते."

"म्हणूनच कोणाला कळलं नाही."

काकांनी मेणबत्ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. ओरडायला उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. मग ते खाली बसले आणि धाकल्याला म्हणाले, "तुझ्या आजाला मी कच्चं म्हटलं रे. कच्चा मीच निघालो."

धाकल्याने तारपा ओठांना लावला. सूर निघाला, आणि थांबलाच नाही. पत्र्याखालची कबुतरं उडाली.

बकुळाबाई विनिताजवळ आल्या. "हे तुला कधी कळलं?"

"काल. चहाच्या वेळी."

"आणि सांगितलंस संध्याकाळी. मध्ये काय करत होतीस?"

विनिताने पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ठरवत होते, बाई."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तिथेच राहू दिला.

तलासरीचा मांडव खचाखच भरला होता. बसायला जागा नाही म्हणून पोरं झाडांवर चढली होती. पुढच्या रांगेत एक किडकिडीत म्हातारा ताठ बसला होता. कार्यक्रमाआधी हरिश्चंद्रकाकांनी माइक घेतला आणि सगळं सांगितलं, स्वतःचा हीटरसुद्धा. "आमच्या चौघा पोरांनी नाक कापलं माझं, आणि कार्यक्रम वाचवला," ते म्हणाले, तेव्हा मांडव हसून लोळला. आजा मात्र हसला नाही. त्याने पुढे होऊन काकांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दिवे मंद झाले. धाकल्याने सुरुवात केली. थोड्याच वेळात लोक उठले, कमरेला हात घालून साखळी झाली आणि तारप्यामागे फिरू लागली. विनिता पेटीपाशी बसून होती. तिचे सूर कोणाला ऐकूच जात नव्हते. जळत होतं. खोटं कशाला सांगा, चांगलंच जळत होतं. टाळ्या, नजरा, सगळं काही त्या भोपळ्यामागे चाललं होतं.

मग धाकल्या वळला. तारपा वाजवत तो सरळ तिच्याकडे आला आणि पेटीभोवती फिरू लागला. त्याच्यामागे आख्खी साखळी आली. आजा, काका, प्राजक्ता, ओळखीची, अनोळखी माणसं. सगळं गाव तिच्या पेटीभोवती गोल फिरत होतं. विनिताने भाता जोरात हलवला आणि ती गायला लागली.

जेवणं झाल्यावर मुलं टेम्पोपाशी सरबत पीत बसली.

"तुझं एक बरंय," धाकल्या म्हणाला. "वाजवता वाजवता गाता येतं. माझं तोंड तर तारप्यात. मला लय वाटायचं, आपल्याला पेटी यायला पाहिजे होती."

विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला? माझं?"

"मग काय. रोज बघायचो. लांबून."

प्राजक्ता फिसकन हसली. विनिताही हसली आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, तिने पपईच्या देठाची आणि तांब्याची गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकली.

"गाल सोडून देतेस तू," धाकल्या म्हणाला. "दम संपायच्या आधीच नाकाने घे. संपायची वाट बघू नको."

तिने सरबत प्यायची नळी ग्लासात खोल बुडवली. गाल फुगवले. दम अजून शिल्लक असतानाच नाकाने हळूच श्वास ओढला.

"ए, बघा," पीयूष ओरडला.

ग्लासातले बुडबुडे थांबले नव्हते.