आई वजा जाता

सांगलीच्या गरजमापन केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. शबाना मुजावर पडद्यावरचा एकच आकडा तिसऱ्यांदा वाचत होत्या. निहार अभिजित मगदूम, वय सोळा, सेरेब्रल पाल्सी. मदतीची रोजची गरज बावीस मिनिटं. शिफारस : सहायक नामंजूर.

निहारला त्या तो तीन वर्षांचा असल्यापासून ओळखत होत्या. आता त्याचं वजन एकेचाळीस किलो होतं. त्याला आपण होऊन कुशीवर वळता येत नव्हतं. एकेक जेवण भरवायला पाऊण तास लागायचा. हातपाय असे ताठ व्हायचे की शर्टाची एक बाही चढवणं म्हणजे कसरत. बावीस मिनिटांत त्याचं फार तर तोंड धुऊन झालं असतं.

त्यांनी यंत्राचे जनक विश्राम केळुस्कर यांना बोलावून घेतलं.

गरजमापक हे यंत्र सरकारनं मोठ्या कौतुकानं आणलं होतं. पूर्वी घरी एक अधिकारी यायचा, फॉर्म भरायचा, आणि जी आई नीट रडायची तिच्या मुलाला सरकारकडून सहायक मिळायचा. जिला रडायला सवड नसायची ती राहून जायची. हे बंद व्हावं म्हणून केळुस्करांनी भिंतीत, पलंगात आणि चाकांच्या खुर्चीत बसवायच्या स्पर्शपट्ट्या तयार केल्या. त्या तीस दिवस घरातली प्रत्येक हालचाल टिपत आणि मुलासाठी दुसऱ्या माणसाला किती राबावं लागतं ते मिनिटांत सांगत. यंत्राला रडणं कळत नाही, हा त्याचा मोठा गुण मानला गेला.

"आकडा चुकलाय," मुजावर म्हणाल्या.

"चुकलेला नाही, मी तपासला. असं बघा, घरात पंखा फिरतो, फ्रीज थरथरतो, पाण्याची मोटर लागते. ही हालचाल मदत म्हणून धरायची का?"

"नाही."

"म्हणून यंत्र आधी घराची पार्श्वभूमी शिकतं. जे त्याच वेळी, त्याच जागी, तितक्याच जोरानं रोज होतं, ते घराचाच भाग समजून वजा करायचं. खाली उरतात ते माणसाचे कष्ट. माणूस कुठलंही काम दोनदा अगदी सारखं करत नाही, या गृहीतावर सगळं उभं आहे."

"मग ही बावीस मिनिटं कोणाची?"

"वडिलांची. ते त्याला गाडीत बसवतात. दोन दिवस सारखं बसवलंय असं महिन्यात एकदाही झालेलं नाही."

"आणि आई?"

केळुस्करांनी मूळ नोंदी उघडल्या. दर दोन तासांनी कूस बदलणं, तीसही दिवस. गुडघा किती वाकवला, पाठीखाली हात कुठे घातला, दाब किती दिला, सगळ्या रेषा एकमेकींवर बसल्या होत्या. केळुस्कर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंख्याची नोंद शेजारी लावून पाहिली.

"याच्यापेक्षा पंखा जास्त चुकतो," ते म्हणाले. "व्होल्टेज कमीजास्त होतं ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निहारच्या आईला, हर्षदाला बोलावलं आणि हेच समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी घरात नव्हतेच म्हणा की."

"होतात," केळुस्कर म्हणाले. "पण फारच सारख्या होतात."

"यंत्र बसवणार म्हटल्यावर धसकाच घेतला हो मी. उद्या कोणी म्हणायला नको, आई हयगय करते. सोळा वर्षं बघतेय, जो येतो तो आधी मलाच तपासतो. पोटात असताना काय खाल्लं, कुठं पडलात काय, दवाखान्यात जायला उशीर केला काय. म्हणून महिनाभर एक वेळ चुकवली नाही. घड्याळ लावून केलं सगळं."

दुसरी कोणी असती तर परीक्षेच्या दिवशी आपली अडचण चारपट करून दाखवली असती. केंद्रात येणाऱ्या या बायकांना मात्र इतक्या वर्षांत एकच धडा घोटून घोटून दिलेला होता : आपल्यात खोट दिसू द्यायची नाही. हर्षदानं तो मन लावून गिरवला आणि त्यातच ती पुसली गेली.

तिला सहायक हवा होता तो उगाच नाही. उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला होता. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा घेऊन तिनं दोनदा सोडली होती, कारण नंतर तीन महिने काही उचलायचं नव्हतं. आणखी सहा महिने असंच उचलत राहिलात तर हात कायमचा जाईल, असं हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"गणित बदला," मुजावर केळुस्करांना म्हणाल्या.

"राज्यभर एकच गणित आहे, कायद्यात लिहिलेलं. फेरमापन मात्र करता येतं. आई नसेल तर वजा काय होणार?"

म्हणून हर्षदा इचलकरंजीला बहिणीकडे राहायला गेली. तीस दिवसांसाठी. पहिले दोन दिवस ती दर दोन तासांनी उठून बसायची. तिसऱ्या दिवशी सलग नऊ तास झोपली. जागी झाल्यावर तिला इतकं बरं वाटलं की स्वतःची लाज वाटली. बहिणीनं केलेलं थालीपीठ गरम असताना खाता खाता तिच्या लक्षात आलं, आपण आत्ता सुखात आहोत. त्या सुखाचा तिला रागही आला, आणि ते सोडवेनाही.

घरी नवरा अभिजित, नणंद सुजाता आणि एजन्सीकडून आणलेली एक बाई असे तिघं जण लागले होते. कोणी हात धरून ओढायचं, कोणी घास घाईनं घालायचं. निहारला ठसका लागायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दहाव्या दिवशी अभिजितचा फोन आला.

"त्याच्या माकडहाडाशी जखम झालीय. ताप पण आहे. मी तुला ये म्हणत नाही. पण तो दाराकडंच बघत राहतो गं."

ती तासाभरात निघाली. उरलेले वीस दिवस तिनं एका बऱ्या हातानं आणि एका मोडक्या हातानं जखम भरून काढली.

अहवाल आला तेव्हा मुजावरांनी आधी आकडा पाहिला. रोजची गरज चौदा तास दहा मिनिटं. सहायक मंजूर. त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी खालची ओळ वाचली आणि कागद केळुस्करांकडे सरकवला.

केळुस्करांनी तो हर्षदाला वाचून दाखवला. वर बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

"पहिल्या वेळी तुम्ही सतत होतात, म्हणून यंत्राला दिसला नाहीत. या वेळी गेलात आणि परत आलात, तेव्हा दिसलात. तुम्ही गेल्यावर तिघांचे मिळून चौदा तास लागले आणि जखम झाली. तुम्ही आल्यावर ते काम साडेसहा तासांत होऊ लागलं, जखमही भरली. सर्वांत योग्य सहायक कोण, हे यंत्र नोंदींवरूनच ठरवतं. कायद्यानुसार नेमणूक त्याच माणसाची होते." त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हर्षदा अभिजित मगदूम. उपलब्ध आहे, असा शेरा आहे."

"आणि माझं ऑपरेशन?"

"सहायकाला रजा मिळते. पण तितक्याच तोलाचा बदली माणूस मिळाला तरच. यंत्रानं शोधलाय. नाही मिळाला."

"मी याविरुद्ध लिहीन," मुजावर म्हणाल्या. "वरपर्यंत जाईन."

"लिहा की," हर्षदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मुजावरांना तो असता तर बरं वाटलं असतं.

तिनं नेमणुकीच्या कागदावर सही केली. उजवा हात वर येईना म्हणून तो डाव्या हातानं उचलून टेबलावर टेकवून केली. मग निहारची खुर्ची ढकलत ती बाहेरच्या दालनात आली. तिथं बाकांवर आपापल्या मुलांना घेऊन बसलेल्या बायका होत्या. इथं कोणी कोणाला नावानं ओळखत नसे.

"निहारची आई, झालं का काम?" एकीनं सरकून जागा देत विचारलं. "मिळाली बाई?"

"मिळाली."

"कशी आहे?"

"चांगली आहे म्हणाले. सोळा वर्षांचा अनुभव आहे, कुठं जायची नाही, यायची नाही," हर्षदा म्हणाली. "फक्त खांदा गेलाय तिचा."