एकेचाळीस पावलं

लाल झेंडा धरून मी रुळांच्या मधोमध उभी होते. चहूकडे धुकं, इतकं की माझेच बूट मला नीट दिसत नव्हते. सकाळचे साडेनऊ वाजले होते म्हणे!

आमची पॅसेंजर गाडी बंद पडली होती, आणि मी तिची गार्ड. अशा वेळी ड्रायव्हरने मदतीचं इंजिन मागवायचं, आणि गार्डाने मागे चालत जाऊन रुळांवर फटाके लावायचे, हा आमचा नियम. फटाके म्हणजे चपट्या डब्या. चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि येणाऱ्याला कळतं, थांबायला हवं. मी तीन लावले, प्रत्येकाची पट्टी दोनदा ओढून पाहिली आणि आमच्या गाडीच्या बाजूला थोडं येऊन उभी राहिले. डेपोत मला उगीच नाही ‘नियमबाई’ म्हणत. आई तर म्हणते, तुझ्याशी लग्न करणाऱ्याला आधी लेखी परीक्षा द्यावी लागेल.

धडाम्! मग दुसरा... तिसरा...

मी खडीवर उडी मारली. मदतीचं इंजिन करकरत माझ्यासमोरून पुढे गेलं आणि एकदाचं थांबलं. मी तावातावाने चालत निघाले, आणि सवयीने पावलं मोजत. एकेचाळीस भरली.

वरून एक तरुण ड्रायव्हर घाईघाईने उतरला. “लागलं नाही ना तुम्हाला?”

“वेग किती होता?”

“खरं सांगू?”

“नाही, गोष्ट सांगा!”

तो हसणार होता, पण हसला नाही. “पंचवीस. या धुक्यात दहाच्या वर नको होता. गाडीत सातशे माणसं खोळंबलीत, म्हणून घाई केली... चुकलं माझं.”

“आणि त्याच सातशे माणसांवर जाऊन आदळला असतात म्हणजे?”

त्याने मान खाली घातली. आणखी सबब सांगितली नाही, आवाज चढवला नाही, की ‘मॅडम, जाऊ द्या ना’ असंही म्हणाला नाही. मला पुढे आणखी बरंच बोलायचं होतं, पण मी झेंडाच गुंडाळू लागले. असं माझं कधी होत नाही.

तिथून पुढे मी इंजिनात चढून त्याला वाट दाखवायची होती. माणूस चालतो त्या वेगाने आम्ही निघालो. काचेवरून थेंब सावकाश ओघळत होते.

“तीन वर्षं सहायक होतो,” तो हळूच म्हणाला. “एकट्याने इंजिन आज पहिल्यांदाच हातात आलं.”

“आणि पहिल्याच दिवशी दिवे लावलेत.”

“लावले खरे.” त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढून पुढे केला. “तुमच्या केसांतून पाणी गळतंय.”

“समोर बघा.”

“समोर धुकंच आहे.”

“मग तेच बघा.”

बघितलं बिचाऱ्याने. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या... आणि रुमाल माझ्या हातात होता.

आमच्या गाडीपाशी आल्यावर मी खाली उतरून झेंड्याने खुणा केल्या. त्याने इंजिन इतक्या हळुवारपणे टेकवलं की शेवटच्या डब्यात आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ जरासुद्धा हललं नाही. मी ते मुद्दाम जाऊन पाहिलं.

मग त्याचं इंजिन मागून ढकलू लागलं. पुढचा रस्ता आमचे ड्रायव्हरकाका बघत होते आणि वॉकीटॉकीवर त्याला सांगत होते. माझी खोली गाडीच्या अगदी शेवटी. तिच्या मागच्या खिडकीसमोर त्याची काच. मधे हातभर अंतर. आता त्याला समोर बघा म्हणायची सोय नव्हती, कारण समोर मीच होते! मी वहीत डोकं घातलं, वर पाहिलं, पुन्हा घातलं... बारा किलोमीटर असे गेले. ते संपूच नयेत असं वाटत होतं.

स्टेशन आलं. आता रिपोर्ट लिहायचा होता. आमच्यात गार्ड आणि ड्रायव्हर दोघांनी वेगवेगळं लिहायचं असतं, एकमेकांना न विचारता. मी खरं लिहिलं तर त्याचं मेन लाइनचं इंजिन जाणार. सहा महिने तरी यार्डात डबे ओढत बसावं लागणार. तीन वर्षांची मेहनत माझ्या एका ओळीने वाया गेली असती.

“लिहून टाक, इंजिन झेंड्यापाशीच थांबलं,” स्टेशन मास्तर चष्मा पुसत म्हणाले. “कोणाला काही झालं नाही. पोराचं नशीब कशाला फोडतेस?”

मी पेन टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. डोळे भरून आले तेव्हा मला स्वतःचाच राग आला. एका सकाळीत एवढं कोणी आवडतं का?

तो दारात आला. माझा कोरा कागद त्याने पाहिला आणि आपला समोर ठेवला. त्यात लिहिलं होतं: वेग पंचवीस, झेंड्याच्या पुढे एकेचाळीस पावलं जाऊन थांबलो.

“तुम्ही कधी मोजलीत?”

“तुम्ही तरातरा चालत येत होतात ना, तेव्हा खडीवरचा आवाज ऐकून. पाऊल तुमचं, मोजणी माझी.”

“अहो, सहा महिने यार्ड! आणि मी लिहिलंच नसतं तर?”

“मीही लिहिलं नसतं, तर वाचलो असतो. पण मग तुम्हाला चहाला चला म्हणायचं तोंड राहिलं नसतं.” तो घुटमळला. “नियम मोडायला लावून कोणी... आवडतं का कोणाला?”

मास्तर एकदम खोकले आणि वेळापत्रक बघायला बाहेर गेले. ते वेळापत्रक आतच टांगलेलं होतं.

मी एका दमात सगळं लिहिलं. वेग, पावलं, सही, वेळ. आकडे दोनदा तपासले. दोन्ही कागद टाचणीने जोडले.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं. मला तुम्ही फार आवडलात,” मी म्हणाले, “आणि यार्डात सुट्टी किती वाजता होते?”