शांतता मोजायचा माईक

त्या दोघांची गाठ पडली ती एका घुमण्यामुळे. दवाखान्यातल्या कान तपासायच्या मशीनच्या डाव्या हेडफोनमध्ये सोमवारी सकाळी काहीतरी घुमायला लागलं, आणि चांगलं ठणठणीत ऐकू येणारी माणसंसुद्धा बहिरी ठरायला लागली. कंपनीला फोन गेला. तासाभरात दारात एक उंच माणूस उभा… खांद्याला पेटी, केस ओले, आणि पायपुसण्यावर पाय पुसतोय, पुसतोय, पुसतोयच.

"या की आत," ती म्हणाली. "पायपुसणं झिजेल."

दवाखान्यात सगळे तिला कानवाली म्हणत. त्यामुळे हा आपोआप मशीनवाला झाला.

कान तपासायची खोली म्हणजे खोलीतली खोली. जाड भिंती, रबर लावलेलं जड दार, वहीएवढी काच आणि आत एक खुर्ची. दार लावलं की बाहेरचं जग बंद. पाऊस येऊन गेला तरी आतल्याला पत्ता लागत नाही. मशीनवाल्यानं तिला त्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले आणि म्हणाला, आवाज आला की बटण दाबा. ती दाबत राहिली. तो आवाज बारीक करत गेला, आणखी बारीक… तरी ही आपली दाबतेच आहे.

"तुमचे कान फार चांगले आहेत हो," दार उघडून तो म्हणाला.

"डोळ्यांबद्दल ऐकलं होतं. कानांबद्दल पहिल्यांदाच."

"डोळ्यांचं मशीन माझ्याकडे नाही ना…" असं बोलून गेला आणि स्वतःच इतका लाल झाला की तिला हसू दाबता येईना.

काम एका दिवसात व्हायचं होतं. पण खोली स्वतः किती शांत आहे तेही मोजायला हवं, असं त्यानं डॉक्टरीणबाईंना पटवलं. आत खुर्चीमागे एक छोटा माईक अडकवला, वायर बाहेर त्याच्या पेटीला. झाडलोट करणारी मावशी म्हणाली, "शांतता मोजायला तीन दिवस? आमच्या घरी ये, एका मिनिटात काम संपेल." कानवाली हसली. आत कुठेतरी तिला ते तीन दिवस गोड वाटले, हे मी काही लपवत नाही.

पण तिचं एक गुपित होतं, आणि त्या गुपिताची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

तिच्या घरी संध्याकाळी सहाला सगळे प्रार्थनेला बसत. आई मोठ्यानं म्हणे, मागून दादा, वहिनी आणि ही. सहा वर्षांपूर्वी कधीतरी त्या शब्दांतला जीव तिच्यापुरता निघून गेला. भांडण नाही, राग नाही, नुसता गेला. तेव्हापासून ती फक्त ओठ हलवायची. आई शेवटी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि त्या हाताखाली ती चोरासारखी बसून असायची.

आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत, सगळे खाली गेले की, ती या खोलीत शिरायची. दिवा बंद. दार बंद. आणि बोलायची. मोठ्यानं! कुणाशी, ते तिलाच ठाऊक नव्हतं. "तू जो कोण असशील तो," अशी सुरुवात, आणि मग कालपासून जे केलं ते सगळं. कुणाशी खोटं बोलले, कुणाचा हेवा केला, आज कशानं बरं वाटलं. शेवटी गप्प बसायची. त्या गप्प बसण्यात कुणीतरी ऐकतंय असं तिला वाटायचं, आणि बाहेर येताना पाय हलके व्हायचे. पण जिना उतरेपर्यंत लाज पुन्हा हजर. घरी म्हणत नाही याची लाज, इथं म्हणते याचीही लाज. कुणाला कळलं तर? लोक म्हणतील, पोरीचं डोकं फिरलंय.

त्या खोलीचा रबराचा तुकडा न् तुकडा तिला पाठ होता. आतलं अक्षर बाहेर जात नाही, याची तिच्याइतकी खात्री कुणाला नसेल. शांतता मोजायचा माईक मात्र ती साफ विसरली.

बुधवारी तो चहाचे दोन कप घेऊन आला. एव्हाना ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"गप्प गप्प आहेस," तो म्हणाला.

"काही नाही… असंच."

"त्या आजोबांचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. उद्या ते विसरतील."

तिनं कप खाली ठेवला.

"कोणते आजोबा?"

त्याचा हात नकळत वायरकडे गेला.

"काल सगळे गेल्यावर तपासायला आलेल्या आजोबांवर मी ओरडले, ते फक्त एका ठिकाणी बोलले होते," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. तिची नजर वायरवरून पेटीकडे गेली, पेटीवरच्या हेडफोनकडे गेली, आणि तिच्या अंगातलं सगळं रक्त तोंडावर आलं.

"पहिल्या दिवशी चुकून ऐकलं," तो म्हणाला. "पाण्याची बाटली विसरलो म्हणून वर आलो, तर हेडफोनमधून आवाज येत होता… मला वाटलं, मशीन पुन्हा बिघडलं."

"आणि काल?"

"काल… चुकून नाही."

"आज?"

त्यानं मान खाली घातली. आज ती आत काय बोलली होती ते तिला शब्दन् शब्द आठवलं. ‘तो येतो त्या दिवसांत मी केस तीनदा विंचरते, मला हसू नकोस.’ हे आज! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"शी!" एवढंच ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली. जिन्यात मावशीनं हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

त्या संध्याकाळी घरी आईच्या मागे बसून ती ओठसुद्धा हलवू शकली नाही. वहिनीनं कोपरानं ढोसलं, तरी नाही. तिची एक जागा होती, जिथं ती खरं बोलायची. आता तीही गेली. पुन्हा त्या खुर्चीत बसलं तर तोंडातून शब्द फुटणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

गुरुवारी तो जेवायच्या सुट्टीत दाराशी उभा राहिला. डोळे सुजलेले. झोपला नव्हता बहुतेक.

"माझं काम संपलंय," तो म्हणाला. "जायच्या आधी एक विचारू? तू माझं ऐकशील? म्हणजे… मी आत बसतो. माईक चालू आहे. मी असं कधी कुणाशी बोललेलो नाही, मला येतही नाही. पण तुझं मी ऐकलं, माझं तू ऐक. मग फिटंफाट."

ती बाजूला सरकली. तो आत गेला. जड दार लागलं. काचेतून दिसलं, आपले मोठे हात गुडघ्यांत धरून तो खुर्चीत अवघडून बसलाय. तिनं हेडफोन कानाला लावले. आधी नुसता श्वास. मग घसा खाकरणं. मग त्याचा आवाज, अगदी कानात, "तू जो कोण असशील तो… मला फार लाज वाटतेय."

तिनं हेडफोन काढले आणि टेबलावर उपडे ठेवले.

काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. मध्येच त्यानं बाहीनं डोळे पुसले. ती बघत राहिली आणि तिला वाटलं, किती बरं दिसतं माणूस, खरं बोलताना.

दार उघडलं.

"ऐकलंस?"

"नाही."

"नाही?" तो उडालाच. "एवढी हिंमत केली मी! सगळं सांगितलं!"

"तुझं बोलणं माझ्याशी नव्हतंच," ती म्हणाली. "दुसऱ्याशी चाललेलं बोलणं ऐकायचं नसतं."

तो पुन्हा लाल झाला, कानांच्या पाळ्यांपर्यंत. "चुकलो मी," तो म्हणाला. "फार चुकलो. तुला वेडी म्हणायला नव्हतो ऐकत गं. इतकं खरं बोलणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं, आणि मग… मग तू आवडायलाच लागलीस. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. आता सांगतोय. तू आवडतेस मला."

तिला हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही.

"मलाही," ती म्हणाली. "पण ते तुला कालच कळलंय, चोरा."

मग ती खुर्चीवर टेकली. "एक करशील? सहाला आमच्याकडे सगळे प्रार्थनेला बसतात. आज मी आईला सांगणार आहे, मी सहा वर्षं नुसती बसतेय म्हणून. माझं मी दुसरीकडे बोलते म्हणून. तिला लागेल. मला रडू येईल. येशील?"

"येईन की. पण काय म्हणून येऊ? मशीनवाला म्हणून?"

"नको," ती म्हणाली. "वाटेत ठरवू."