बाकीचं उद्या

तो आपल्या काचेच्या दुकानातून बाहेर आला, तेव्हा मी त्याच्या दारात उकिडवी बसून फुटक्या काचांचे फोटो काढत होते.

"आरसे आत आहेत," तो म्हणाला. "केस तिथे नीट दिसतील."

"मला आरसा नकोय. ही काच कशी फुटली, ते हवंय."

"माझ्या हातून. बाबांची बोलणी खाऊन झालीत, आता तुमचीही?"

मी हसले, आणि सांगून टाकलं. सिनेमासाठी संगणकावर खोट्या गोष्टी खऱ्या करणाऱ्या एका स्टुडिओत मी नवी होते. कोर्स वगैरे काही नाही. 'हे कसं केलं असेल?' असं विचारत, घरातली घड्याळं उघडत इथवर पोचले होते. आई त्याला नसती उठाठेव म्हणते. आता मला पडद्यावर खिडकीची काच फोडायची होती, आणि सुपरवायझरबाई रोज एकच शब्द बोलत होत्या — खोटी.

"उद्या या," तो म्हणाला. "एक तुकडा फोडून दाखवतो."

गेले. मार बसतो तिथूनच तडे फाकतात, हे त्याने दाखवलं. "बाकीचं उद्या." मग जाड आणि पातळ काचेतला फरक. मग फुटलेल्या कडेचा हिरवट रंग... दुपारचं ऊन उभ्या काचांमधून तिरकं यायचं आणि त्याच्या मनगटावर थांबायचं. मी टिपणं घेत होते. म्हणजे, वही उघडी होती.

"काय लिहिलंत?" तो विचारायचा.

"काच," मी म्हणायचे.

तेराव्या दिवशी त्याने विचारलं, "आज गप्प का?"

"परवा शेवटचा दिवस. काच खरी वाटली तर नोकरी, नाहीतर मामाच्या ऑफिसात टायपिंग."

त्याचा चेहरा उतरला. त्याने दाराएवढी नवी काच चौकटीत बसवली, मला चष्मा दिला आणि हातोडी घातली. खालचा भाग खळ्ळकन गेला. वरचे तुकडे चौकटीला धरून राहिले... आणि मग एकेक करत निसटले. माझ्या शॉटमध्ये सगळे एकदम पडत होते.

"हे पहिल्या दिवशीच माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग?"

"सगळं सांगून टाकलं असतं, तर तुम्ही परत आला नसतात."

"माझी नोकरी जात होती!"

"ते माहीत असतं तर पहिल्याच दिवशी अख्खं दुकान फोडलं असतं."

मला हसू आलं, त्याचाच जास्त राग आला. मी तशीच निघाले.

पंधराव्या दिवशी सुपरवायझरबाईंनी शॉट तीनदा पाहिला. "सोमवारपासून कायम," एवढंच म्हणाल्या. मी सरळ दुकानात गेले. तो चौकट मोजत होता. मान वर केली नाही.

"पास?"

"पास. आता धुराचा शॉट दिलाय."

"धूर नाही आमच्याकडे," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर आले." "राग अजून गेलेला नाही. पण तुम्ही मला आवडता — आणि उद्यापासून इथे यायला माझ्याकडे काही कारण नाही."

मोजपट्टी त्याच्या हातून सुटली, सरसर गुंडाळली गेली. मग तो आत हाक मारून म्हणाला, "बाबा, आज दुकान तुम्ही बंद करा."

रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं, "घर कुठे तुमचं?"

"पुलापलीकडे. दहा मिनिटांवर."

"मग उलट्या बाजूने जाऊ."