अड्याळहून नेलेला पाळणा

या, आगीजवळ सरका. मी सांगतो ती गोष्ट माझ्याच घरातून निघालेल्या एका पाळण्याची आहे. ज्याच्यावर बेतली तो आजही आहे, धडधाकट आहे. त्यानंच मला सांगितली.

प्रफुल्ल माझ्या हाताखाली लाइनमन होता. कोंढ्याचा. भर पावसात, अंधारात एकटा खांबावर चढणारा माणूस. विहारात जाणारा, भूतखेत न मानणारा. कुणी असलं काही बोलायला लागलं की हसून उठून जायचा.

दोन हजार अकरा साल. डिसेंबरची एकोणीस तारीख, सोमवार. त्याची बहीण खुशबू भंडाऱ्याला बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातून थेट माहेरी आणायचं होतं, संध्याकाळी नाव ठेवायचं होतं. प्रफुल्लच्या बायकोनं, प्रतिक्षानं, सकाळीच त्याला सांगितलं, "काकाजीकडे पाळणा आहे न आपला. घेऊन या."

दोन वर्षांत तिनं त्या पाळण्याचं नाव काढलं नव्हतं.

काकाजी म्हणजे मीच. पाळणा माझ्याकडे कसा आला, ते आधी ऐका. दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात प्रतिक्षाला मुलगा झाला होता. धम्मदीप. पाठीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढी गाठ घेऊन आला होता पोरगा. गाठीवर कातडी नव्हती, ओलं दिसायचं. पाय लुळे. तळव्याला टोचलं तरी हलवायचा नाही. डॉक्टरांनी प्रफुल्लला एकट्याला व्हरांड्यात बोलावून समजावलं, मणक्यातली नस बाहेर आली आहे, आजच नागपूरला न्या, ऑपरेशन करून बंद करतील. चालेल की नाही सांगता येत नाही, पण बहुतेक वाचेल. चिठ्ठी लिहून दिली. खाली गाडीही उभी होती.

प्रफुल्ल म्हणाला, पाच मिनिटांत येतो. खाली जाऊन टपरीवर उभा राहिला. एक चहा झाला, दुसरा झाला. मनातल्या मनात तो त्या पोराला उचलत होता. पाच वर्षांचा झाला, खांद्यावर. पंधराचा झाला, पाठीवर. पंचवीसचा झाला, तरी आपणच उचलायचं, संडासाला आपणच न्यायचं. तो वर गेला तो ठरवूनच. प्रतिक्षाला आणि आपल्या आईला, पंचफुलाबाईला, त्यानं सांगितलं की डॉक्टर म्हणतात, काही उपाय नाही, घरी न्या. मग स्वतःच्या मर्जीनं नेतो म्हणून कागदावर सही केली.

अकरा दिवस जगलं पोर. गाठ दबू नये म्हणून प्रतिक्षा त्याला पालथं झोपवायची, मांडीवरही आणि पाळण्यातही. बाराव्या दिवशी पहाटे तापात गेलं. पुढं कधीतरी तिनं एकदाच विचारलं, "नागपूरले नेलं असतं त?"

"काही फायदा नव्हता," तो म्हणाला.

तिनं विश्वास ठेवला. पोरांनो, तिनं भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिनं विश्वास ठेवला, आणि तेच त्याला आतून कुरतडत राहिलं. महिन्याभरानं त्यानं पाळणा आणून माझ्या माळ्यावर टाकला. घरात जागा नाही म्हणाला. मी तेव्हा काही विचारलं नाही.

तर त्या सोमवारी तो संध्याकाळी सात वाजता अड्याळला माझ्याकडे आला. माळ्यावर चढला नाही, पाळणा मीच खाली काढला. चहा नको म्हणाला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पाळणा आडवा ठेवून, खांबावर चढायच्या दोरानं आवळला. लाइनमनची गाठ, ती सुटत नाही. सात वीसला निघाला. अंधारी रात्र होती, चांद मध्यरात्रीनंतर उगवणार होता.

अड्याळ मागं पडलं. रस्ता मोकळा. दोन्हीकडे कापलेली धानाची बांधी, लांब कुठंतरी चुरणीचा, मळणीचा दिवा. थंडी झोंबत होती. गाडी मजेत चालली होती.

बोडीजवळ, रस्त्याकडेच्या छोट्या तळ्याजवळ आला आणि गाडी ओढेनाशी झाली. मागं कुणी बसल्यावर जशी दबते, तशी दबली. पंक्चर असेल म्हणून तो उतरला. चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, टणक होतं. दोर जसाचा तसा. पाळण्यात हात घातला. रिकामा. लाकूड गार.

पुन्हा निघाला. पुन्हा ओझं.

मग आवाज यायला लागला. कुर्र… कुर्र… पाळणा हलवल्यावर कडीतून येतो तसा. रस्ता खराब आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

कुर्र… कुर्र…

आणि मग तेही थांबलं.

तो तसाच बसून राहिला. मागं वळवेना. कानात फक्त स्वतःचं रक्त वाजत होतं. आणि मग… श्वास. बारीक. मध्येच अडकणारा. तो श्वास त्यानं अकरा रात्री ऐकला होता. दुसऱ्या कुणाचा असता, तर त्यानं ओळखला नसता.

त्यानं न बघताच हात मागं नेला. लाकूड उबदार होतं. हातभर लांबीत उबदार. आताच कुणी बाळ उचलून घेतल्यावर असतं तसं. आणि मधोमध एका जागी… ओलं.

कमरेला तारा तोडायची पकड होती. एक दोर तोडला की पाळणा रस्त्यावर. हात पकडीवर गेलाही होता, हे त्यानं माझ्यापासून लपवलं नाही.

तेवढ्यात ते रडलं.

मोठ्यानं नाही. मोठ्यानं रडायची ताकद त्या लेकराला कधी नव्हतीच.

प्रफुल्लनं पकड सोडली. अंधारात, समोर बघत, तो बोलायला लागला.

"डॉक्टरानं ने म्हटलं होतं तुले. खाली गाडी उभी होती. मीच नाही नेलं…"

रडणं चालूच.

"मले भेव वाटलं. जलमभर तुले उचलाचं… मले भेव वाटलं, बापू."

शांत.

सगळं शांत. बेडूक नाही, रातकिडा नाही. मोबाइलमध्ये आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

ओझं मात्र गेलं नव्हतं. त्यानं गाडी सुरू केली नाही. उतरला, हँडल धरलं आणि ढकलत निघाला. खड्डा आला की चुकवायचा. दचका बसू नये म्हणून. कोंढ्यापर्यंत असाच, पायी. घरी पोचला तेव्हा दहा वाजायला आले होते, थंडीत शर्ट घामानं चिंब.

अंगणातच त्यानं प्रतिक्षाला सगळं सांगितलं. टपरी, दोन चहा, सही, सगळं. ती उभ्यानं ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, "वाचते म्हटलं होतं त्यायनं?"

"हो."

ती आत गेली. दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी नाव ठेवायला गेलो. पाळणा ओसरीत भिंतीला टेकवलेला होता, खुशबूच्या पोरीला त्यात कुणी ठेवलं नाही. त्याच आठवड्यात प्रतिक्षा माहेरी गेली. सात महिन्यांनी आपणहून परत आली. आज दोघं एकाच घरात राहतात. तिनं माफ केलं का? प्रफुल्ललाही ठाऊक नाही. विचारायची त्याची हिंमत नाही.

पण त्या दिवशी, नाव ठेवून झाल्यावर, पंचफुलाबाईनं मला मागच्या खोलीत बोलावलं. हळू आवाजात बोलली. काल आठ वाजता सून भात उतरवत होती म्हणे. भांडं तसंच खाली ठेवलं आणि छातीला हात लावला. प्रफुल्ल तेव्हा रस्त्यात होता. घरात कुणाला काहीच माहीत नव्हतं.

म्हातारीनं खुंटीवरचा सुनेचा कालचा ब्लाउज काढून माझ्यापुढं धरला. पोर जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात दुसरं तान्हं आदल्या रात्री नव्हतं.

समोरून दोन्हीकडे डाग होते, वाळून कडक झालेले.

मी वास घेतला. दूध होतं…