पाठीखालचा हात

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर मध्यरात्र निवडली असती, एखादी ओसाड जागा निवडली असती. हे घडलं ते गेल्या हिवाळ्यातल्या एका सकाळी, छत असलेल्या सार्वजनिक जलतरण तलावात, लख्ख उजेडात आणि भरल्या बॅचच्या देखत.

ज्यांनी पाहिलं, ते त्याविषयी बोलत नाहीत.

मी बोलतो आहे, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्या हाती उरलेलं नाही.

आईचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, पोहायला शिका, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. साठीला टेकलेली माझी आई. बादलीपेक्षा खोल पाण्यात तिनं आयुष्यात कधी हात घातला नव्हता. या वयात कुठे बेडूकउड्या मारू, म्हणून हसली. पण गेली. मी तिला रोज सकाळी स्कूटरवरून न्यायचो आणि तिचा टॉवेल मांडीवर घेऊन काठावरच्या बाकावर बसायचो. मला पोहता येत नाही. चारचौघांत उघड्या अंगानं उभं राहण्याची लाज मला लहानपणापासून आहे. त्या लाजेपायी आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी मी अशाच काठावरून पाहिल्या.

बॅचमध्ये दुधाचे दात पडलेल्या मुलीपासून निवृत्त पोस्टमास्तरांपर्यंत सगळ्या वयाची माणसं होती. शिकवणाऱ्या मॅडम रुंद खांद्यांच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचे नियम कडक होते. काठावर धावायचं नाही. शिट्टी वाजल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. उथळ आणि खोल बाजूंच्या मधल्या लाल दोराला शिवायचंही नाही.

आणि आधी शिकायचं ते पोहणं नव्हे, उठणं. उताणं तरंगत असताना गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची, हातांनी पाणी लोटायचं आणि पाय टेकवून उभं राहायचं. ज्याला उठता येत नाही त्याला मी पुढचं काही शिकवत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तरंगायला शिकवण्याची त्यांची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या पाठीखाली तळहात धरायचा, मोठ्यानं काहीबाही बोलत राहायचं… आणि न सांगता हात काढून घ्यायचा. मग दोन्ही हात वर करून बाकीच्यांना दाखवायचे. शिकणारा दचकायचा, घोटभर पाणी प्यायचा, पण आपण आपल्या बळावर तरंगत होतो हे त्याला कळायचं.

आईच्या वेळी मॅडमनी हात वर केले. सगळे हसले.

आई दचकली नाही.

"हात काढू नका हं," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"काढला केव्हाच," मॅडम तिच्या कानाशी वाकून ओरडल्या.

"मस्करी करता काय. आहे की."

शेजारी पाय झाडणारे पोस्टमास्तर थांबले. वहिनी, तुमचं नशीब थोर, म्हणाले. आम्हाला घरात पाण्याचा पेला द्यायलाही कुणाचा हात पुढे येत नाही. हशा पिकला. मीही हसलो.

मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

घरी परतताना स्कूटरवर आई मागून सांगत होती, मॅडमचा हात काय उबदार आहे. पाणी एवढं गार, पण त्यांचा तळहात मात्र भाकरीसारखा ऊन. आणि अंगठा हलत राहतो… बाळाला थोपटावं तसा.

मी आरशात तिच्याकडे पाहिलं. मॅडमचे दोन्ही हात वर होते, मी पाहिले, असं तिला सांगितलं.

तिनं वाऱ्यानं उडणारा पदर खोचला. मग म्हणाली, हे मॅडमना सांगू नकोस.

मी सांगितलं नाही.

पुढच्या दिवसांत आई इतकी सुंदर तरंगायला लागली, की येणारेजाणारे थांबून बघायचे. पाण्यावर एखादं पान पडावं तशी ती पडून राहायची. कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. त्या वयात, त्या चेहऱ्यावर इतकं निवांतपण मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहताना मला का कोण जाणे, पोरकं वाटायचं.

पण तिला उठता मात्र येईना.

रोज मॅडम तिला खांद्याला धरून उभी करायच्या. गुडघे वळवा, म्हणायच्या. आई हो म्हणायची आणि तशीच पडून राहायची. आधी ती म्हणायची, उठावंसंच वाटत नाही हो. सगळे हसायचे. पोस्टमास्तर म्हणायचे, आमच्या सूनबाईंचीही रोज सकाळी हीच तक्रार असते.

एके दिवशी टॉवेल गुंडाळताना ती माझ्या कानाशी हळूच बोलली.

"उठू देत नाही रे."

मी विचारलं, कोण?

तिनं केस पुसले आणि चप्पल शोधायला लागली.

मी तिला तिथेच थांबवायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तिचे गुडघे खरोखरच सुधारले होते. आणि ती सुखात होती. सुखात असलेल्या आईला काय सांगून अडवायचं?

त्या सकाळी तलावावर हलकी वाफ होती. आई उथळ बाजूला तरंगत होती, मॅडम तिच्याजवळ उभ्या होत्या. तेवढ्यात त्या लहान मुलीच्या नाकातोंडात पाणी गेलं. मॅडम तिच्याकडे वळल्या. तिला पायरीवर बसवून पाठीवर थापट्या मारायला लागल्या.

काही क्षणच.

मी आईकडे पाहिलं…

ती सरकत होती.

पाय हलत नव्हते. हात अंगालगत होते. डोकं पुढे करून ती खोल बाजूकडे निघाली होती. सावकाश. एकसारखी. पाण्यावर तरंगसुद्धा उठत नव्हता.

लाल दोर तिच्या कपाळावरून घासत गेला, नाकावरून, ओठांवरून. तिनं डोळे उघडले नाहीत.

मी हाक मारली.

तिचे कान पाण्याखाली होते.

मी काठावरून धावत सुटलो. धावताना हाका मारत होतो. मला माझाच आवाज छतावर आपटून परत येताना ऐकू येत होता. मॅडमची शिट्टी वाजली, मागोमाग पाण्यात उडीचा आवाज. त्यांनी आईला गाठलं, हनुवटीखाली हात घातला आणि काठाकडे ओढायला लागल्या.

आई जागची हलली नाही.

एवढ्या ताकदीची बाई पाय मारत होती, पाणी उसळत होतं… आणि आई मात्र जमिनीवर निजावी तशी स्थिर.

भिंतीवर एक लांब दांडा टांगलेला असतो, बुडणाऱ्यापुढे धरायचा. पोस्टमास्तरांनी तो ओढून काढला. मी पालथा पडून तो पुढे केला. त्याचं टोक आईच्या हाताला लागलं. आई, धर, मी म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणालो.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं.

आणि दांडा धरला नाही.

शेवटी मॅडमनी तो एका हातानं पकडला, दुसऱ्या हातानं आईला कवटाळलं. मी आणि पोस्टमास्तर जीव खाऊन ओढत होतो. दांडा वाकला. माझे तळहात सोलवटले.

मग एकाएकी ओढ सुटली. आम्ही दोघे मागे कोसळलो.

आणि आई पहिल्यांदाच पाण्याखाली गेली.

मॅडमनी बुडी मारून तिला वर आणलं. काठावर कुशीवर निजवलं. ती खोकली, तिनं श्वास घेतला. मी टॉवेल घेऊन तिच्या पाठीशी वाकलो.

तिचा निळा कॉस्च्यूम भिजून काळपट झाला होता. पाणी निथळत होतं. पण दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक जागा फिकी होती…

मी बोट लावलं.

कोरडी होती. तळहाताएवढी. बोटांसकट.

मॅडमनीही पाहिलं. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि ती पाठ झाकून टाकली.

रुग्णवाहिकेची वाट पाहत आम्ही दाराशी उभे होतो, तेव्हा त्या एवढंच बोलल्या. "मी हात काढला, की माणूस आधी थोडं खाली जातो. एवढंसंच. मग पाणी त्याला उचलतं. सगळ्यांचं तसंच होतं. तुमच्या आई एकदाही खाली गेल्या नव्हत्या." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्यांना परत आणू नका."

मी परत नेलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. तो तलाव बांधण्याआधी तिथे काय होतं, कुणी बुडालं होतं का, हे मी पुष्कळांना विचारलं. कुणाला काही ठाऊक नाही. आईला विचारलं, तर ती हसते आणि विषय बदलते.

मी स्वतः मात्र शिकायला जातो. लाज गिळून जातो. मॅडमनी हात काढला, की मी दर वेळी बुडतो.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण हल्ली आई उताणीच झोपते. हात अंगालगत ठेवून. सकाळी हाक मारली, की पुष्कळ वेळानं ऐकू आल्यासारखं करते. ऊठ, चहा झाला, म्हणालो, तर हो म्हणते आणि तशीच पडून राहते. मग मी तिच्या खांद्यांखाली हात घालून तिला बसती करतो. आधी सहज व्हायचं. आता मला धाप लागते. ती वाळत चालली आहे… आणि तिला उचलणं दिवसेंदिवस जड होत चाललं आहे.

आज सकाळी मी गुडघा पलंगावर टेकवून सगळा जोर लावला. ती हलली नाही. तिनं डोळे उघडले, माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे, राजा," ती म्हणाली. "तू दमतोस."

आता दुपार उलटून गेली आहे. मी तिच्या खोलीच्या दारात बसून हे लिहितो आहे. मधूनमधून हाक मारतो आहे.

तिचा श्वास चालू आहे. चेहरा अगदी निवांत आहे.

ती ओ देत नाही.